पुढे चाललेली जोडी

पूलवाल्यांना मैदानावर जायचं असे ते सकाळच्या पहिल्याच राखीव वेळेला. आपल्यापुढे कोणी नको आणि आपल्या चुका बघायला मागेही कोणी नको, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे परदेशातल्या त्या छोट्या गावात उतरल्याबरोबर सामान खोलीत टाकून त्यांनी पहिलं काम केलं ते गोल्फच्या मैदानावर फोन करून सकाळी सहाची वेळ राखून ठेवण्याचं. चहा नंतर.

पूलवाले म्हणजे पूल बांधणारे इंजिनिअर. त्यांच्या बायकोने चौतीस वर्षं शस्त्रक्रियेच्या टेबलाशी बसून लोकांना भूल दिली होती, म्हणून दवाखान्यात तिला भूलबाई म्हणत. नात्यागोत्यात या जोडीचं नावच पडलं होतं, भूलबाई-पूलवाले. दोघंही निवृत्त झाल्यावर पूलवाल्यांनी नेम धरला, की दर वर्षी एक देश बघायचा आणि तिथल्या एका तरी मैदानावर खेळायचं. भूलबाई सुरुवातीला नुसत्या बरोबर चालायच्या. मग एके दिवशी म्हणाल्या, एवढी पायपीट फुकट करण्यापेक्षा दोन फटके मारलेले काय वाईट. तेव्हापासून त्याही खेळू लागल्या. पूलवाल्यांचा चेंडू लांब जायचा, पण कुठे जाईल याचा नेम नसायचा. भूलबाईंचा जवळच पडायचा, पण नाकासमोर. संसारातही साधारण तसंच होतं.

हे त्यांचं अकरावं मैदान. गावाबाहेर टेकडीच्या अंगाने पसरलेलं, नऊच होलांचं.

सकाळी दोघं पोचले तेव्हा फटफटलं होतं, पण धुकं इतकं, की लाकडी कचेरीच्या दारातून समोरचं झाडसुद्धा अंदाजानेच ओळखायचं. कचेरीत एकटा माळी होता. गवत तोच कापायचा आणि इतक्या सकाळी दारही तोच उघडायचा. त्याने दोघांना काठ्यांच्या पिशव्या ठेवायला दोन चाकांच्या दोन ओढगाड्या दिल्या, फटके मांडायला पत्र्याच्या डब्यातून दोन पेन्सिली काढून दिल्या आणि म्हणाला, की आज तुम्हीच पहिले, मी अजून यंत्रही बाहेर काढलेलं नाही, दव फार आहे, बूट भिजतील. पूलवाल्यांच्या ओढगाडीचं एक चाक कुरकुरत होतं. दुसरी गाडी देऊ का, असं माळ्याने विचारलं. असू दे, तेवढीच सोबत, असं म्हणून पूलवाले निघालेसुद्धा.

भूलबाई एक गोष्ट बघत होत्या. काल स्टेशनच्या जिन्यावर नवरा दोनदा थांबला होता. दोन्ही वेळा त्याने बॅगेचा पट्टा सारखा केला होता, आणि पट्टा तर नीटच होता. रात्री विचारलं तर म्हणाला, प्रवासातलं खाणं, अपचन झालंय. भूलबाईंनी आयुष्यभर परक्या माणसांचे श्वास मोजले होते. घरच्या माणसाचे मोजायला बसलं की तो चिडतो, हेही त्या शिकल्या होत्या.

पहिल्या होलची धाव संपते तिथे बारीक कातरलेल्या गवताचा गोल तुकडा होता. त्याला ग्रीन म्हणतात. मधे झेंडा आणि झेंड्याखाली वाटीएवढं भोक. दव पडलेलं ते गवत दुधाळ रुपेरी दिसत होतं आणि त्या रुपेरी अंगावर गडद हिरव्या रेघा उमटल्या होत्या. पावलं होती, दोन माणसांची. दोन चेंडू घरंगळत भोकापर्यंत गेल्याच्या रेघा होत्या. ग्रीनच्या कडेला ओढगाड्यांच्या चाकांच्या जोडरेघाही होत्या.

"आपण पहिले ना?" भूलबाई म्हणाल्या.

पूलवाल्यांनी खांदे उडवले. असेल कोणी गावातलं, तारेखालून शिरलं असेल, त्यात काय. पण त्यांचा चेहरा जरा उतरला. पहिल्या वेळेचं सुख गेलं होतं.

दुसऱ्या ग्रीनवरही तसंच. भूलबाई चेंडू भोकाकडे ढकलायला वाकल्या, तेव्हा त्यांना दिसलं, की एक रेघ अगदी त्यांच्या चेंडूपासूनच सुरू होते. ती थोडी डावीकडे वळून भोकाच्या वीतभर अलीकडे थांबली होती आणि तिथून पुढे एक आखूड रेघ भोकात गेली होती. त्यांनी चेंडू ढकलला. तो त्या रेघेवरून, रेघ न सोडता गेला, डावीकडे वळला आणि वीतभर अलीकडे थांबला.

पूलवाले हसले. म्हणाले, चाकोरी पडली की बैल तिथूनच जाणार, दव पुसलेल्या जागी चेंडू आपोआप ओढला जातो. पटण्यासारखं होतं. भूलबाईंना मात्र आत कुठेतरी गुदगुल्या झाल्यासारखं झालं. भीती नव्हे. एखाद्या रोग्याचा रक्तदाब पुस्तकात नाही तसा वागायला लागला, की त्यांना पूर्वी असंच व्हायचं. थांब, बघू या हे काय आहे ते, असं.

तिसऱ्या होलला पूलवाल्यांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. ओल्या वाळूत आधीच बुटांचे ठसे होते, कोणीतरी तिथे उभं राहून फटका मारल्याचे. पूलवाले कुरकुरत आत उतरले. उभे राहायला त्यांनी पाय हलवले, पुन्हा हलवले आणि स्थिरावले. भूलबाई काठावरून बघत होत्या. त्यांचे दोन्ही बूट त्या दोन ठशांत चपखल बसले होते. फटका मारून ते वर आल्यावर भूलबाई खाली वाकल्या. घसरू नये म्हणून या बुटांच्या तळाला खिळे असतात, त्यांतला पूलवाल्यांच्या डाव्या टाचेकडचा एक गेल्या वर्षीच पडला होता. आधीच्या ठशांतही, जे ताज्या पावलांनी पुरते झाकले गेले नव्हते त्यांत, डाव्या टाचेत एका खिळ्याची जागा मोकळी होती.

 चौथ्या होलला भूलबाईंनी एक चाचणी घ्यायचं ठरवलं. समोर सरळ हिरवळ होती आणि कोणीही शहाणा माणूस मधूनच गेला असता. त्या मुद्दाम डावीकडे वळून कुंपणाच्या झुडपांकडे गेल्या. पूलवाले मागून विचारत होते, की अगं, तिकडे काय आहे. तिकडे काहीच नव्हतं. फक्त दवात पावलांची एक ओळ होती, बायकी मापाची, कुंपणाला धरून गेलेली.

पुढे एक एकटंच झाड होतं. भूलबाईंनी मनाशी म्हटलं, आता या झाडाला मी उगाचच एक फेरी घालणार. हे ठरवून क्षणही झाला नसेल. झाडाजवळ गेल्या, तर झाडाभोवती दवात एक पूर्ण गोल उमटलेला होता.

त्या हसल्या. खरंच हसल्या, एकट्याच, तोंडावर हात धरून. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपले दंड शहारले आहेत.

पाचव्या होलला त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. रेघ, वाळू, खिळा, झाड. पूलवाले इंजिनिअर माणूस, त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. धुकं अजून तसंच होतं. ओल्या गवताचा आणि मातीचा थंड वास येत होता. पाखरं कधी बोलायची थांबली, ते दोघांनाही आठवेना.

"म्हणजे कोणीतरी आपली नक्कल करतंय, असं तुझं म्हणणं."

"नक्कल मागून करतात हो," भूलबाई म्हणाल्या. "हे आपल्या पुढे चाललंय."

 पूलवाले म्हणाले, की पुढे असतील तर फार पुढे नसतील, दव इतकं दाट पडतंय की अर्ध्या तासात माग बुजला असता. भरभर चाललो तर गाठू. भूलबाईंना तेच हवं होतं. कोण आहेत ते बघायचं, बस्स. आपल्यासारखंच एखादं जोडपं असेल, तर हात मिळवू आणि हसू.

ते भरभर चालू लागले. पुढे धुक्यात चेंडूला फटका बसल्याचा टक् असा आवाज आला. दोघं थबकले. मग चाकाची कुरकुर ऐकू आली. भूलबाईंनी नवऱ्याच्या ओढगाडीकडे पाहिलं. ती उभी होती. कुरकुर पुढून येत होती, चढाच्या वरून, आणि हळूहळू दूर चालली होती.

सहाव्या होलला सगळा चढच होता. ग्रीन टेकडीच्या माथ्यावर. भूलबाई पुढे झाल्या. नवरा मागे पडतोय असं वाटून त्यांनी मान वळवली. "अहो, जरा पाय उचला" हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. पण ते त्यांनी उच्चारायच्या आत वरून, धुक्यातून, कोणीतरी म्हणालं,

"अहो, जरा पाय उचला..."

आवाज बाईचा होता. मराठीत. त्या देशात, त्या टेकडीवर, सकाळी सव्वासातला. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून कधी ओळखू येत नाही म्हणतात. भूलबाईंनी शस्त्रक्रियेच्या नोंदींसाठी वर्षानुवर्षं आपला आवाज यंत्रावर ऐकला होता. त्यांना ओळखू आला.

नंतर वर काहीच वाजलं नाही. कुरकुर बंद. पावलं बंद. भूलबाईंनी ओढगाडी तिथेच सोडली आणि चढ चढून माथ्यावर गेल्या. आपण घाबरलोय की आतुर झालोय, हे त्यांना त्या वेळी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वर कोणी नव्हतं. झेंडा होता. रुपेरी गवत होतं. दोघांची पावलं ग्रीनच्या कडेपर्यंत आली होती आणि तिथे दव एका लांबट जागेत पुसलं गेलं होतं. माणूस उताणा पडावा तेवढी जागा. त्या जागेच्या एका अंगाला, छाती असते तिथे, गवतात दोन खोलगट खड्डे होते, एकमेकांशेजारी, वाटीच्या आकाराचे. गुडघ्यांचे.

भूलबाईंना ती बैठक माहीत होती. त्या स्वतः किती वेळा तशा बसल्या होत्या, कधी दवाखान्याच्या फरशीवर, एकदा लग्नाच्या मांडवात. बंद पडलेलं हृदय दोन्ही तळहातांनी दाबायला माणूस असाच बसतो, दुसऱ्या कशालाही नाही.

तिथून पुढे पावलांची एकच ओळ जात होती. लांब लांब ढांगांची, पळणाऱ्या माणसाची, खाली कचेरीच्या दिशेने.

त्या गर्रकन वळल्या. पूलवाले वीस-पंचवीस पावलं खाली होते, ओढगाडीच्या दांड्यावर वाकलेले. चेहरा राखेसारखा झाला होता. ते थांबून पिशवीचा पट्टा सारखा करत होते.

"खाली बसा," भूलबाई म्हणाल्या.

"अगं, आलोच की वर..."

"तिथेच बसा. एक पाऊल टाकू नका."

चाळीस वर्षांत त्या नवऱ्याशी या आवाजात बोलल्या नव्हत्या. पूलवाले बसले. भूलबाई धावत खाली पोचल्या, तेव्हा त्यांची नाडी बोटाखाली दोनदा लागली, एकदा चुकली आणि नंतर लागली नाही. ते हळूच आडवे झाले, दमलेला माणूस अंथरुणावर होतो तसे.

भूलबाई गुडघ्यांवर बसल्या आणि छाती दाबू लागल्या. मोठ्याने आकडे मोजत. फोन कचेरीतल्या कपाटात राहिला होता. पळत गेलं तर सहा-सात मिनिटं, पळत आलं तर त्याहून जास्त, आणि तेवढा वेळ या छातीवर कोणाचा हात नसणार. वर गवतात कोणीतरी तसंच केलं होतं. ती बाई उठून पळाली होती. भूलबाई जिथे बसल्या होत्या तिथूनही त्यांना तिची पावलं दिसत होती. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांनी त्या मागावरून जायचं नाकारलं. तीस दाबून दोन श्वास, तीस दाबून दोन श्वास. कोणी येणार नाही हे माहीत असूनही मोजत राहायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं.

तिसरं मिनिट संपता संपता खालून मोटारीचा आवाज आला. धुक्यातून माळ्याची छोटी गाडी वर आली. शेजारच्या सीटवर लाल पेटी होती, हृदयाला शॉक देणारं यंत्र. माळ्याने लगेच पेटी उघडली. भूलबाईंनी पूलवाल्यांचा सदरा फाडला. पहिल्या शॉकने काही झालं नाही. दुसऱ्याने नाडी आली, आधी चोरपावलांनी, मग नीट. रुग्णवाहिका तोवर निघालीसुद्धा होती. माळ्याने आधीच फोन केला होता.

दवाखान्यात तीन तास गेले. मुख्य रक्तवाहिनी बंद होती, ती उघडली. तिथल्या डॉक्टरांनी भूलबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, की आणखी चार मिनिटं उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. दुपारी पूलवाल्यांना खोलीत हलवलं. भूलबाई त्यांना बघून आल्या, मग कागदांवर सह्या करायला खाली गेल्या. मुलीला फोन करायचा होता. बोलता बोलता त्यांना रडू आलं, त्यात बराच वेळ गेला.

त्या वर येऊ लागल्या तेव्हा खालच्या व्हरांड्यातल्या बाकावर माळी बसलेला दिसला. मैदानावर राहिलेली पूलवाल्यांची काठ्यांची जड पिशवी आणि भूलबाईंची टोपी घेऊन तो आला होता. कसे आहेत, असं त्याने विचारलं. भूलबाई त्याच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, की तुझे उपकार फिटणार नाहीत, पण मला एक सांग, तू नेमका त्या वेळी पेटी घेऊन वर कसा आलास.

माळी त्यांच्याकडे बघतच राहिला.

"तुम्हीच तर आलात की पळत," तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. तो यंत्रात तेल घालत होता. बाई धुक्यातून धावत आल्या, धाप लागलेली, गुडघ्यांना गवत आणि माती. सहाव्या ग्रीनजवळ नवरा पडलाय, शॉकची पेटी घेऊन जा, असं म्हणाल्या. त्याने फोन केला, पेटी घेतली आणि म्हणाला, बसा गाडीत. पण बाई बसेनात. तुम्ही व्हा पुढे, मी चालत येते, एवढंच म्हणाल्या. तो वर पोचला तर बाई तिथे आधीच. त्याला वाटलं, एखादी जवळची वाट असेल, किंवा घाबरलेल्या माणसाला बळ येतं तसं काहीतरी. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

 भूलबाईंनी हळू आवाजात विचारलं, की ती बाई आणखी काही बोलली का.

माळ्याने आठवून पाहिलं. गाडी सुरू करताना तिने एक विचारलं होतं. इथे माणसाला कुठल्या दवाखान्यात नेतात...

"मग?"

"मी सांगितलं," माळी म्हणाला. "का सांगणार नाही?"

भूलबाई उठल्या. माळ्याचा निरोप घेतला की नाही, हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. काठ्यांची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली होती आणि तशाच त्या जिना चढून गेल्या. वरचा व्हरांडा रिकामा होता. नवऱ्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, ते त्यांनी खांद्याने ढकललं.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ एका लयीत उसळत होती आणि पूलवाले डोळे मिटून शांत पडले होते. भूलबाईंनी सवयीने त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला सोळा. त्या दाराशीच भिंतीला टेकल्या. 

"आलात का भानावर?" त्यांनी विचारलं. 

पूलवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ मात्र हसल्यासारखे हलले.

"कधीचाच आलोय," ते हळू म्हणाले. "बोलत नव्हतो इतकंच... तू रडत होतीस ना. म्हटलं, रडून घेऊ दे."

"कधी?"

"आत्ता. इथे बसून." ते थांबले. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता. "म्हणत होतीस, मी पळायला नको होतं... तुम्हाला एकटं टाकून मी पळायला नको होतं. अगं, कुठे पळालीस तू..."

 भूलबाईंची नजर नवऱ्याच्या उजव्या हाताकडे गेली होती. पलंगाच्या त्या बाजूला खुर्ची अगदी लगटून ठेवलेली होती, रिकामी. आणि तो हात चादरीवर पडलेला नव्हता. चादरीपासून चार बोटं वर, हवेत होता. बोटं अर्धी मिटलेली.

"आता सोड ना जरा," पूलवाले डोळे न उघडता, लाडीगोडीने म्हणाले. "किती वेळची धरून बसली आहेस... मुंग्या आल्या हाताला."